एकशे सतराव्या ओळीतलं शून्य

विद्यापीठाच्या प्रवेश विभागात सगळे त्यांना आकडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं त्या एकच काम करत आल्या होत्या. पदवीच्या पहिल्या वर्षाला किती अर्ज आले, किती पात्र ठरले, किती जणांना जागा देऊ केली आणि त्यातले खरोखर किती जण येऊन दाखल झाले, याचा तक्ता बनवायचा. तक्त्यात तीनशे अकरा ओळी. एक ओळ म्हणजे एक शाळा. बेरीज एकाने जरी हलली तरी आकडेबाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. घरी वहिनीला हे चांगलं ठाऊक होतं. नणंदबाईंनी ताटात नुसतं चिवडलं की ती विचारायची, "आज कोण हरवलं? मुलगा की मुलगी?"

त्या वर्षी अर्जांची शेवटची तारीख उलटून चार दिवस झाले होते. मंगळवार होता. एकूण अर्ज अकरा हजार दोनशे सहा, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा चार टक्क्यांनी जास्त. उपकुलसचिव साहेबांची स्वारी भलतीच खुशीत होती. पुढच्या बुधवारी विद्यापरिषदेची बैठक होती आणि साहेबांना तिथे हा चार टक्क्यांचा आकडा अगदी पहिल्या वाक्यात सांगायचा होता.

"बाई, तक्ता सोमवारपर्यंत द्या. आणि या वर्षी जरा रंगीत करा," ते जाता जाता म्हणाले.

आकडेबाईंनी मान डोलावली आणि एकेक ओळ तपासायला घेतली. बोटाखाली पट्टी धरून त्या ओळी वाचत. पडद्यावरच्या तक्त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, छापून घेतल्याशिवाय त्यांना चूक दिसत नसे. एकशे सतराव्या ओळीवर पट्टी थांबली. ती दगडखाणींच्या गावातली शाळा होती, बसच्या शेवटच्या थांब्यावरची. तिथून चार वर्षांत सत्तावीस, एकतीस, सव्वीस, एकोणतीस असे अर्ज आले होते. आणि या वर्षी शून्य.

कमी झाले असते तर त्यांनी फारसं मनावर घेतलं नसतं. पण एकोणतीसवरून एकदम शून्य? असं माणसांच्या बाबतीत सहसा होत नाही, असं कागदाच्या बाबतीत होतं. शाळेचा क्रमांक बदलला असणार, नाहीतर कुणीतरी नाव चुकीचं टाकलं असणार. त्यांनी संगणक विभागातल्या पोराला फोन लावला. पोरगा म्हणजे तसा चाळिशीचा गृहस्थ होता, पण बाई त्याला नोकरीला लागल्यापासून पाहत होत्या. त्याने नावाची चार वेगवेगळी रूपं घालून शोधलं.

"नाही हो बाई. त्या शाळेचा एकही अर्ज दाखल नाही. शाळा बंद पडली असेल."

बाईंनी शाळेत फोन केला. शाळा छान चालू होती. मुख्याध्यापकांनी स्वतःच उचलला. "चौसष्ट मुलं पास झाली यंदा," ते अभिमानाने म्हणाले. "अर्जाची सूचना आम्ही फलकावर लावली होती, चांगली मोठ्या अक्षरात. आता मुलांनाच शिकायचं नसेल तर आम्ही काय डोकं फोडून घेणार?"

बाईंनी फोन ठेवला. पण चौसष्टातल्या एकालाही शिकायचं नाही, हे काही त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी गेल्या वर्षीच्या एकोणतीस अर्जांची माहिती उघडली. मुलांची नावं वेगवेगळी, गुण वेगवेगळे, विषय वेगवेगळे. संपर्काचा मोबाइल नंबर मात्र एकोणतीसच्या एकोणतीस अर्जांवर एकच. त्याआधीच्या वर्षीही तोच. त्यांनी तो नंबर फिरवला.

बऱ्याच वेळाने एका बाईंनी उचलला. "कोण बोलतंय? विद्यापीठ? अगंबाई. अहो, ते आजारी आहेत. अर्धं अंग गेलंय, थंडीतच. फॉर्मचं काम असेल तर या वर्षी नाही जमायचं हो. मुलं येतात बिचारी, दारातूनच बघून परत जातात."

"ते म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"मामा," पलीकडून उत्तर आलं, जणू मामा म्हटल्यावर आणखी काही सांगायची गरजच नव्हती.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं. भाचीही तिथेच होती. तिने या वर्षी आपला अर्ज एकटीनेच भरला होता, कानात गाणी चालू ठेवून वीस मिनिटांत. "आत्या, त्यात काय आहे एवढं?" ती म्हणाली. "विचारतात ते लिहायचं, पुढे जायचं."

वहिनी कणीक मळता मळता म्हणाली, "वन्सं, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडायची नाही. एक दिवसाची रजा टाका आणि जाऊन या. नाहीतर आठवडाभर तुमचं ते आंबट तोंड आम्हालाच बघावं लागेल."

गुरुवारी त्या गेल्या. बसला तीन तास लागले. शेवटचा तासभर रस्त्यावर गिट्टीचे ट्रकच ट्रक होते, आणि झाडं, घरं, कुंपणं सगळं पिठात घोळल्यासारखं पांढरं. शाळेची इमारत मात्र धुतल्यासारखी स्वच्छ होती. मुख्याध्यापक सभ्य माणूस होते. विद्यापीठातून कुणीतरी एवढ्या लांब आलंय म्हणून ते थोडे गडबडले, त्यांनी चहा मागवला. मामांचा विषय काढल्यावर म्हणाले, "आमचे प्रयोगशाळेतले शिपाई. काचसामान धुणं, रसायनं मोजून ठेवणं, अशी कामं. फार प्रामाणिक माणूस. का बरं?"

"मुलांचे अर्ज तेच भरायचे का?"

"मुलं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसलेली दिसायची खरी," मुख्याध्यापक म्हणाले. मग खाली बघून जरा हळू आवाजात, "मी कधी विचारलं नाही."

मामांचं घर शाळेच्या मागेच होतं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर मामा उशीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. तोंड एका बाजूने खाली ओढलेलं, पण डोळे तल्लख. शेजारी स्टुलावर जाड चष्म्याची एक मुलगी वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. ती शेजारची. रोज सकाळी येऊन मामांना बातम्या वाचून दाखवायची, असं मामींनी सांगितलं. मामा बोलत ते मामींना कळे आणि त्या मुलीला कळे, इतरांना अर्धंच.

बाईंनी आपण कोण ते सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. त्यांनी डाव्या हाताने बसायची खूण केली आणि ते काहीतरी बोलले.

"म्हणतायत, तक्त्याच्या बाई का?" मामी म्हणाल्या. "दर वर्षी तुमचा तक्ता शाळेत येतो ना, तो हे घरी आणून वाचतात. आपली ओळ बघतात."

आकडेबाईंना हे अगदी अनपेक्षित होतं. बावीस वर्षांत आपला तक्ता कुणी आवडीने वाचत असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या हुरळल्या म्हणा, गडबडल्या म्हणा. मामांनी पुढे विचारलं, आणि हे शब्द बाईंनाही कळले: "कि...ती? यंदा?"

आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शून्य."

शब्द गेला आणि त्यांना वाटलं, जीभ हासडून टाकावी. मामांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. डावा हात चादर मुठीत धरत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता. मामी चटकन उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. बाहेरून ट्रक गेला तसा खिडकीतल्या पेल्याचा बारीक आवाज झाला.

"तुमची काही चूक नाही हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुम्ही आजारी..."

भिंतीकडे तोंड करूनच मामा काहीतरी बोलले. मामींनी त्यांची चादर नीट केली. मग म्हणाल्या, "म्हणतायत, मीच भरत बसलो. शिकवलं कुणालाच नाही."

तेव्हा ती चष्मेवाली मुलगी एकदम रागाने बोलली. "पण शून्य कसं? मॅडम, आम्ही भरला की अर्ज! अडतीस जणांनी. मामांना त्रास नको म्हणून आमचा आम्हीच बसलो, इथल्याच प्रयोगशाळेत."

"मग?"

"मग सहाव्या पानावर अडकला."

तिने फोन काढून दाखवला. अर्जाचं सहावं पान. पालकांच्या कामाच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता. खाली लाल अक्षरांत, हा रकाना रिकामा सोडता येणार नाही. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत, खोटी माहिती दिल्यास अर्ज रद्द होईल.

"माझे बाबा रोज वेगळ्या खाणीवर असतात," मुलगी म्हणाली. "मुकादम नेईल तिथे. आई गिट्टी फोडते, तिचं तर दुपारी एक ठिकाण आणि नंतर दुसरं. काय पत्ता लिहू? घरचा लिहिला तर म्हणतंय, हा पत्ता आधीच दिला आहे. आणि खोटं लिहिलं तर रद्द. आम्ही चार दिवस प्रयत्न केला. मग तारीख संपली."

आकडेबाईंनी ते पान बोटाने खालीवर सरकवून पाहिलं. हे पान त्यांच्याच विद्यापीठाचं होतं, त्यांच्याच मजल्यावर कुणीतरी बसून तयार केलेलं. त्यांनी ते आजवर कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. त्यांचं काम सुरू व्हायचं ते अर्ज दाखल झाल्यानंतर. दाखल न झालेला अर्ज त्यांच्या लेखी जन्मालाच आलेला नसायचा.

"मग मामा काय लिहायचे तिथे?" त्यांनी विचारलं.

मामांनी तोंड इकडे केलं. डोळे ओले होते, पण त्यात आता थोडा खट्याळपणाही होता. त्यांनी डावा हात उचलून खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"शाळेचा पत्ता," मुलगी म्हणाली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. "मामा, सगळ्यांच्या आईबापांना तुम्ही शाळेत नोकरीला लावलंत?"

मामींनी मामांचं बोलणं उलगडून सांगितलं. खाणीला पत्ता नसतो. पण त्या आईबापांना गाठायचं असेल तर शाळेत निरोप ठेवला की पोचतो. म्हणजे पत्ता खोटा कुठे झाला?

बाईंना एकाएकी आठवलं. चार वर्षांपूर्वी त्यांनीच एका अहवालात लिहिलं होतं, की या शाळेतल्या बहुतांश अर्जदारांचे पालक शाळेचेच कर्मचारी असल्याचे आढळते, ही बाब लक्षणीय आहे. लक्षणीय! साहेबांनी तेव्हा त्या वाक्याखाली रेघ ओढून शाबासकी दिली होती. बाईंनी हे मामांना सांगून टाकलं. मामांचं अर्धं तोंड हसलं, खांदे गदागदा हलायला लागले, आणि मामींना त्यांना पाणी पाजावं लागलं.

शुक्रवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आत आकडेबाई संगणक विभागाच्या दारात उभ्या होत्या.

"सुरू केलेले पण दाखल न झालेले अर्ज काढून दे. सगळ्या शाळांचे. आणि कोण कुठल्या पानावर थांबलं तेही."

"बाई, ते कुणी मागतच नाही."

"मी मागतेय ना."

तासाभराने यादी आली. अर्धवट सोडलेले अर्ज तीन हजार एकशे चाळीस. पहिल्या पानावर थोडे थांबलेले, दुसऱ्यावर थोडे, फोटोच्या पानावर थोडे जास्त. आणि सहाव्या पानावर एकोणीसशे बारा. त्यात वीटभट्ट्यांच्या गावातले होते, मासेमारीच्या वस्तीतले होते, शहरातल्या घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं होती. एकशे सतराव्या ओळीतल्या शाळेला निदान मामा होते म्हणून तिचे आकडे इतकी वर्षं टिकले. बाकीच्यांकडे कुणी नव्हतं, आणि त्यांचे आकडे पहिल्यापासूनच इतके लहान होते की कुणाला काही खटकलंच नव्हतं. अर्ज ऑनलाइन होऊन सहा वर्षं झाली होती. आकडेबाईंनी मनात गुणाकार सुरू केला आणि मध्येच सोडून दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादं उत्तर काढायची भीती वाटली.

साहेब तक्त्याची वाट पाहत होते. बाईंनी रंगीत तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यावर ही यादी ठेवली. साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"बाई, तुमचं काम आकडे देणं. कारणं देणं नाही."

"हा आकडाच आहे साहेब."

"तारीख संपलीय. एकाला सूट दिली की उद्या शंभर जण दारात उभे राहतील."

"एकोणीसशे बारा," बाई म्हणाल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, रक्तदाब, आणि बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापकांची धास्ती, एवढंच. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग विचारलं, "हा रकाना घातला कुणी?"

"माहीत नाही. पण तपासला कुणीच नाही. मीही नाही."

"माझे वडील हमाली करायचे," साहेब अचानक म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी बाईंना घरची एक गोष्ट सांगितली नव्हती. "माझ्या वेळी हे पान असतं तर मी काय लिहिलं असतं, कुणास ठाऊक." मग लगेच सावरून, नेहमीच्या आवाजात, "टिपण लिहा. एक पान. विशेषणं नकोत."

बुधवारच्या बैठकीत साहेबांनी चार टक्क्यांचं वाक्य पहिलं म्हटलं नाही. ते तिसरं म्हटलं. पहिलं वाक्य सहाव्या पानाचं होतं. बाई भिंतीलगतच्या खुर्चीवर कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका प्राध्यापकांनी विचारलं, की ज्यांना साधा अर्ज भरता येत नाही ते पदवी काय पूर्ण करणार? साहेबांनी मागे वळून बाईंकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या. आकडे तोंडपाठ होते. एकशे सतराव्या ओळीतल्या शाळेतून आलेल्या, पदवीची मुदत पूर्ण झालेल्या अठ्ठ्याऐंशी मुलांपैकी एकाहत्तर पदवी घेऊन बाहेर पडली, हे प्रमाण विद्यापीठाच्या सरासरीच्या वर आहे, एवढं सांगून त्या खाली बसल्या.

ठरलं ते असं: ज्यांनी अर्ज सुरू केला होता त्यांना आणखी दहा दिवस. सहाव्या पानावरचा रकाना रिकामा सोडण्याची मुभा. सगळ्यांना फोनवर संदेश. पुढच्या वर्षी तो रकानाच काढायचा की नाही, यावर समिती. समिती म्हटल्यावर बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला, पण दहा दिवस तर मिळाले.

शनिवारी त्या पुन्हा बसने गेल्या. या वेळी वहिनीने डबा करून दिला, तोही चार माणसांना पुरेल एवढा. मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळा उघडून दिली होती आणि मामांना खुर्चीसकट उचलून आणायला स्वतः हात लावला होता. मामा इस्त्रीचा सदरा घालून मधल्या टेबलाशी बसले होते. बाजूने मुलं. अडतीसपैकी एकतीस आली होती. सात जणांचा काही पत्ता नव्हता. कुणी दुसऱ्या गावी काकांकडे कामाला गेलेलं, कुणाचा फोनच लागत नव्हता.

बाईंना वाटलं होतं, आपण बसून भराभर सगळे अर्ज भरून टाकू. त्यांनी पहिल्या मुलाचा फोन हातात घेतलाही. मामांनी डाव्या हाताने टेबलावर जोरात थाप मारली.

"म्हणतायत, त्याचं त्याला भरू द्या," चष्मेवाली म्हणाली.

मग तसंच झालं. मुलं भरत होती, मामा बघत होते. चूक झाली की थाप. फोटो उलटा लागला, थाप. एकाने जन्मतारखेत चालू वर्ष टाकलं तेव्हा मामांनी दोनदा थाप मारली आणि सगळी प्रयोगशाळा हसली. ज्याचा अर्ज भरून झाला तो दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचा. बाईंच्या हाताला दिवसभर काही काम नव्हतं. त्यांनी काचेच्या बरण्या मोजल्या, डबा उघडून सगळ्यांना वाटला. मामी त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"त्या दिवशी तुम्ही गेल्यावर हे जेवले नाहीत," मामी हळूच म्हणाल्या.

"वाटलंच होतं मला. तो शब्द माझ्या तोंडून..."

"नाही हो. दुसऱ्या दिवशी स्वतःहून हाताचा व्यायाम मागितला. तीन महिने मी मागे लागले होते, दाद देत नव्हते." मामींनी पदराने चेहरा पुसला. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही कुणीच सांगितलं नसतं."

चारच्या बसच्या आधी एकतीस अर्ज दाखल झाले. पुढच्या आठवड्यात तिघांनी आपापले पाठवले. म्हणजे चौतीस. चौघं राहिलीच.

पुढचे दोन महिने आकडेबाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. वाढीव मुदतीत अकराशे सेहेचाळीस अर्ज आले होते. गुणवत्ता याद्या लागल्या, बदलल्या, पुन्हा लागल्या. सत्र सुरू झालं, आणि प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी एकशे सतरावी ओळ पूर्ण झाली. अर्ज चौतीस, जागा देऊ केलेले सतरा, दाखल तेरा. साहेबांनी तक्त्याला जोडलेल्या टिपणातली मामांवरची दोन वाक्यं काढून टाकली, तक्त्यात माणसं बसत नाहीत म्हणाले. पण सुरू केलेले आणि अपूर्ण राहिलेले अर्ज, असा नवा रकाना त्यांनी स्वतःच्या सहीने मंजूर केला. तक्ता छापायला गेला.

बाईंनी त्याच दुपारी मामांना फोन लावला. आता मामांचं बोलणं बरंच सुधारलं होतं. सावकाश ऐकलं तर कळत होतं.

"तेरा आले मामा," त्या आनंदाने म्हणाल्या.

"कोण कोण?"

बाईंनी यादी वाचायला घेतली. प्रत्येक नावाला मामांचं काहीतरी म्हणणं होतं. याचं गणित कच्चं आहे, लक्ष ठेवा. ही लाजते, पण हुशार आहे. हा वसतिगृहातून पहिल्या महिन्यात पळून येईल, रागवू नका, परत पाठवतो. यादी संपली. चष्मेवालीचं नाव त्यात नव्हतं.

"जागा सतरांना मिळाली ना? मग चौघं कुठे गेली?"

"तेवढं काही... दाखल झाली नाहीत, एवढंच आमच्याकडे असतं."

"विचारा," मामा म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला नि चौघांचे नंबर काढले. या वर्षी प्रत्येक अर्जावर वेगळा नंबर होता. दोघांना दुसरीकडे जागा मिळाली होती, चांगली मिळाली होती. त्यांचं त्यांनी अभिनंदन केलं. एका मुलाच्या वडिलांच्या पायावर दगड पडला होता. तो म्हणाला, या वर्षी नाही, पुढच्या वर्षी बघू. बाई त्याच्याशी बराच वेळ बोलल्या, पण त्याचं उत्तर बदललं नाही. चौथा नंबर चष्मेवालीचा.

"मॅडम, वसतिगृहाच्या यादीत माझं नाव नव्हतं," ती म्हणाली. "रोज सहा तास बसने कशी येणार? म्हणून आले नाही."

"अगं, दुसरी यादी लागते ना आठ दिवसांनी!"

"लागते? कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. कार्यालयातल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी लिहिलं नव्हतं. बाई जिना उतरून वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंकडे गेल्या. तिथे तीन खाटा रिकाम्या होत्या. मग मुलीच्या उशिराच्या प्रवेशाचा अर्ज लिहून, जिना चढून साहेबांकडे. साहेबांनी अर्ज वाचलाच नाही, नुसतं विचारलं, "सही कुठे करू?"

सत्र सुरू झाल्यावर अकराव्या दिवशी चष्मेवाली आली. सोबत वडील होते, खांद्यावर पत्र्याची पेटी घेतलेले. ते दारातच चपला काढायला लागले तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. दाखल्याच्या वहीत नाव लिहिलं, सही घेतली. छापून आलेल्या तक्त्याचा गठ्ठा शेजारच्या टेबलावरच पडला होता, त्यात एकशे सतराव्या ओळीत तेरा होते आणि तेराच राहणार होते. एवढ्यासाठी तक्ता पुन्हा छापता येत नाही. आकडेबाईंनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं, वहिनीने दुसऱ्यांदा वाढायला विचारलं तरी नको म्हटलं नाही.